वेबपानावरचा मजकूर लपवला तर गूगलवर परिणाम होतो का? नव्याने साइट करणाऱ्यांसाठी

चवथ आटोपली, पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे भागातून एकसारखे फोन सुरू होतात. कुणी राहत्या घराच्या दोन खोल्या होमस्टेसाठी काढलेल्या असतात, कुणी कुळागर (पोफळी-मिरवेलींची बाग) दाखवून केळीच्या पानावर जेवण वाढतं, कुणी स्कूटर भाड्याने देतं. पर्यटक यायला लागायच्या आत साइट उभी करायची असते आणि बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: "थोडा मजकूर लपवून ठेवला तर चालेल ना? गूगलला दिसेल आणि पानही मोकळं राहील."

कधी तोच प्रश्न उलट्या बाजूने येतो: "प्रश्नोत्तरं क्लिक केल्यावर उघडतील अशी ठेवली तर गूगल ती मोजत नाही म्हणे. खरं का?"

मजकूर डोळ्यांआड आहे एवढ्यानेच रँकिंग, म्हणजे गूगलच्या शोधातलं स्थान, बिघडत नाही. पानावर आलेल्या माणसाला तो मजकूर स्वतःच्या बोटाने उघडता येतो का, हे बघायचं. येत असेल तर त्याला मी मिटलेला मजकूर म्हणतो. कुणालाच उघडता येत नसेल आणि तो केवळ गूगलने वाचावा म्हणून पानात कोंबलेला असेल तर तो लपवलेला मजकूर. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात असा मजकूर आणि अशा लिंक्स नाव घेऊन मना केल्या आहेत. तुमच्या पानावर यातलं काय आहे, हे शोधायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं, ते आता एकेक पायरी घेऊन बघू.

पायरी पहिली: गूगल पान कसं वाचतं ते समजून घ्या

गूगलचा वाचक प्रोग्राम, म्हणजे गूगलबॉट, पान उघडतो, त्यातला एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, घेतो, ब्राउझरसारखा ते पान रंगवून बघतो आणि मिळालेला मजकूर आपल्या नोंदीत घालतो. तो बटणं दाबत नाही आणि माणसासारखं बोटाने पान खाली सरकवतही नाही. त्यामुळे पान उघडताना जे एचटीएमएलमध्ये आलेलं असतं ते त्याला मिळतं, मग ते मिटलेल्या टॅबमध्ये का असेना. क्लिक केल्यावरच जे सर्व्हरवरून मागवलं जातं ते त्याला मिळत नाही. नवखे लोक या दोन गोष्टींची फार गल्लत करतात.

दुसरी गोष्ट मोबाइलची. गूगल आता पानाची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच प्रमाण मानतं. हा बदल नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला, मार्च २०१८ पासून साइट्स हळूहळू त्यात घेतल्या गेल्या, जुलै २०१९ पासून नव्या साइट्सना तो आपोआप लागू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काम पूर्ण झाल्याचं गूगलने सांगितलं. मजकूर मिटून ठेवण्याबद्दलची भीती त्याआधीच्या काळातली आहे. त्या वेळी डेस्कटॉपवरच्या टॅबआडच्या मजकुराला कमी वजन मिळू शकतं, असं गूगलची माणसंच सांगत. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र टॅब आणि घड्या लागतातच, म्हणून सोयीसाठी मिटलेल्या मजकुराला पूर्ण वजन देण्याचं धोरण मोबाइलबरोबर आलं. जुना सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतो आणि लोक त्यापायी लांबलचक पानं करून ठेवतात.

पायरी दुसरी: आपलं पान स्वतः तपासा

संगणकावर आपली साइट उघडा आणि कंट्रोल व ए ही बटणं एकत्र दाबा. सगळा मजकूर निळ्या पट्ट्यात निवडला जाईल. आता सावकाश खालपर्यंत या.

फोंड्याजवळच्या एका कुळागरवाल्या काकांची साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली तेव्हा मी आधी हेच केलं. पोफळी, मिरवेल, जायफळ यांचे सुंदर फोटो, मधे जेवणाची माहिती, शेवटी पत्ता आणि फोन. पत्त्याखाली पांढरी मोकळी जागा जरा जास्तच वाटत होती. निवड केल्याबरोबर त्या जागेत निळा चौकोन उमटला आणि त्यात बारीक पांढरी अक्षरं: पणजी, पंजिम, म्हापसा, मापुसा, मडगाव, मारगाव, कलंगुट, बागा, डिचोली, बिचोलिम... पुढे हॉटेल, रिसॉर्ट, स्वस्त, कॅसिनो. काकांकडे कॅसिनो कुठला! त्यांना या यादीचा पत्ताही नव्हता. साइट करून देणाऱ्याने 'एसईओ (साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचं काम) केलंय' म्हणून पैसे घेतले होते, आणि त्या एसईओमध्ये ही यादीच होती. मला तेव्हा राग आला तो या गोष्टीचा, की दंड (म्हणजे गूगलने साइट शोधात मागे ढकलणं किंवा काढून टाकणं) झाला असता तर तो साइटच्या मालकाला भोगावा लागला असता.

पांढऱ्यावर पांढरं ही सगळ्यात जुनी तऱ्हा. याच जातीच्या आणखी काही: फोटोच्या मागे मजकूर ठेवणं, सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणारा कोड) तो पडद्याच्या हजारो पिक्सेल बाहेर ढकलणं, अक्षराचा आकार किंवा अपारदर्शकता शून्य करणं, एखाद्या पूर्णविरामाएवढ्या चिन्हाला लिंक लावून ती लपवणं. या तऱ्हा निवड करून नेहमी सापडतीलच असं नाही. म्हणून दुसरी तपासणीही करा. पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, कंट्रोल व एफ दाबा आणि आपल्या पानाशी संबंध नसलेला एखादा शब्द शोधा. मी नेहमी 'कॅसिनो', 'लोन', 'बेट' (इंग्रजीतली पैज) हे शब्द रोमन लिपीत घालून पाहतो. का ते पुढे येईलच.

पायरी तिसरी: लपवलेलं बाहेर काढा किंवा काढून टाका

गोव्यात या मोहाला एक खास कारण आहे आणि ते मला पूर्ण समजतं. आपल्या गावांची नावं रोमन लिपीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. आपण डिचोली म्हणतो, पाटीवर पोर्तुगीज वळणाचं 'बिचोलिम' असतं. साखळीचं 'सांकेलिम', केपेचं 'क्वेपेम', काणकोणचं 'कॅनाकोना'. मुंबईचा माणूस एक शोधतो, इथला माणूस दुसरं. दोन्ही पकडायची म्हणून नावांची रास रचली जाते, मग ती वाचायला ओंगळ दिसते म्हणून रंग पांढरा केला जातो.

यावर उपाय साधा आहे: ते नाव खुल्या वाक्यात आणा. काकांच्या पानावरची रास काढून आम्ही 'कसे याल' अशा मथळ्याखाली हे लिहिलं:

"आमचं कुळागर फोंडा तालुक्यात, पणजीहून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पणजीला कुणी पंजिम म्हणतात, गाव एकच. कदंब बसने येणार असाल तर फोंड्याच्या स्थानकावर उतरून फोन करा, आमची गाडी न्यायला येते. डिचोलीकडून, म्हणजे पाटीवरच्या 'बिचोलिम'कडून येणाऱ्यांनी निघतानाच कळवावं. मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी टॅक्सी आधी ठरवून ठेवता येते."

गावाची दोन्ही नावं आली आणि परगावच्या पाहुण्यालाही पाटी वाचताना उपयोग झाला. शहरांच्या नावांसाठी एवढंही करावं लागत नाही. पणजी आणि पंजिम एकच हे गूगलला कळतं. वाड्याचं, देवळाजवळच्या पायवाटेचं, ओहळाचं नाव मात्र तुम्हीच लिहायला हवं, कारण ते इतर कुठे लिहिलेलं नसतं.

कुणी विचारतं, "मग ते शब्द कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये घालू का?" हा टॅग म्हणजे कोडमधली, पानावर न दिसणारी शब्दांची यादी. घाला किंवा घालू नका, काही फरक नाही. गूगल वेब शोधाच्या रँकिंगसाठी तो टॅग वापरत नाही, हे त्यांनी सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

आपण लहान, आपल्याकडे कोण बघतो, असं समजू नका. मोठ्यांनाही सुटका नसते. गूगलसाठी शब्दांनी भरलेली वेगळी पानं ठेवून पाहुण्याला दुसऱ्याच पानावर नेल्याबद्दल जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूची साइट फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलच्या शोधातून काढली गेली होती. ती पानं हटवल्यावरच ती परत आली. लहान धंद्याचं असं काही हंगामात झालं तर वर्षाचं गणित कोलमडतं.

पायरी चौथी: जे मिटायचं ते नीट मिटा

मिटलेला मजकूर निर्धास्तपणे वापरा. प्रश्नोत्तरं, रद्द करण्याचे नियम, लांब वर्णनं, फोटोंची सरकपट्टी, शब्दावर बोट नेल्यावर उघडणारी छोटी टीप या सगळ्याला गूगलची मान्यता आहे. स्वतः कोड लिहीत असाल तर एचटीएमएलचे 'डिटेल्स' आणि 'समरी' हे टॅग वापरा. जावास्क्रिप्ट न लावता घडी तयार होते आणि सगळा मजकूर पहिल्यापासून पानात असतो. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार साधन) असाल तर त्याच नावाचा ब्लॉक मिळतो.

घडीच्या वर दिसणारी ओळ बोलकी हवी. 'अधिक माहिती' असं लिहिण्यापेक्षा 'लहान मुलांना वेगळे पैसे पडतात का?' असं लिहा. माणूस तीच ओळ वाचून ठरवतो की उघडायचं की नाही.

काही गोष्टी मात्र मिटूच नका, नियम परवानगी देत असला तरी: दर, पत्ता, फोन, आणि ज्या कामासाठी माणूस तुमच्याकडे येणार ती मुख्य गोष्ट. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी बसलेली बाई आपला माल टोपलीत झाकून ठेवत नाही. दर बघायला दोनदा क्लिक करावं लागलं की माणूस मागे फिरतो आणि पुढच्या साइटवर जातो.

आणि पान उघडल्याबरोबर सगळा पडदा झाकणारी जाहिरातीची चौकट लावू नका. मोबाइलवर मजकूर असा झाकणाऱ्या पानांना जानेवारी २०१७ पासून गूगलने खालचं स्थान देण्याचं ठरवलेलं आहे. कुकीच्या परवानगीसारख्या कायद्याने लागणाऱ्या चौकटींना सूट आहे.

पायरी पाचवी: क्लिक केल्यावर येणारा मजकूर तपासा

इथे माझीच चूक सांगतो. पेडण्यातल्या एका होमस्टेच्या साइटवर मी तीन टॅब केले होते: खोल्या, जेवण, कसे याल. पान हलकं राहावं म्हणून 'जेवण' दाबल्यावरच तो भाग सर्व्हरवरून यायचा. दिसायला अगदी झकास. त्या घरची खरी ओळख म्हणजे वहिनींच्या हातचं जेवण: हुमण, किसमूर, तळलेलं बांगडं, सोलकढी. महिन्याभराने तपासलं तर गूगलच्या नोंदीत त्यातलं एक अक्षर नव्हतं. कुणी नियम मोडला नव्हता, दंडही नव्हता. गूगलबॉटने बटण दाबलंच नव्हतं, एवढंच.

हे तुम्ही असं तपासा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या साधनात, साइट जोडा. ते मोफत आहे. वरच्या पट्टीत आपल्या पानाचा पत्ता टाका, 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबा, मिनिटभर थांबा, मग 'व्ह्यू टेस्टेड पेज' उघडा. तिथे एचटीएमएल दिसेल. आपल्या मिटलेल्या भागातली एखादी खास ओळ त्यात शोधा. मी 'किसमूर' शोधलं होतं. सापडलं तर गूगलला ते मिळतंय. नाही सापडलं तर तो भाग पानासोबतच पाठवा आणि सीएसएसने मिटा. शेजारी स्क्रीनशॉटही दिसतो, पण भरवसा एचटीएमएलवर ठेवा, कारण मिटलेला भाग चित्रात दिसणारच नाही.

पान बनवायच्या साधनांमध्ये 'मोबाइलवर लपवा' अशी खूण असते, तीही याच वेळी बघा. बहुतेकदा ती फक्त सीएसएसने झाकते, मजकूर पानात राहतो. पण काही थीम मोबाइलसाठी तो भाग पाठवतच नाहीत. गूगल मोबाइलचंच पान वाचत असल्याने तो मजकूर नसल्यातच जमा.

पायरी सहावी: भाषा एकामागे एक लपवू नका

मराठी, कोंकणी, इंग्रजी असं तीन भाषांतलं पान आपल्याकडे लागतंच. नवखे करणारे तिन्ही मजकूर एकाच पत्त्यावर ठेवतात आणि वरच्या बटणाने दोन झाकून एक दाखवतात. हा दंडाचा प्रकार नाही, कारण पाहुण्याला बटण दाबून भाषा बदलता येते. पण त्यात मराठीचंच नुकसान होतं. पानाची भाषा गूगल समोर दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, कोडमधल्या भाषेच्या खुणेवरून नव्हे. तीन भाषांची खिचडी झाली की मराठीत शोधणाऱ्यासमोर ते पान येण्याची शक्यता घटते.

प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या आणि ही पानं 'एचरेफलँग'ने (कुठलं पान कुठल्या भाषेचं ते गूगलला सांगणारी कोडमधली खूण) एकमेकांना जोडा. मराठीसाठी 'एमआर' हा दोन अक्षरी संकेत आहे. कोंकणीला मात्र भाषांच्या संकेतांच्या यादीत दोन अक्षरी संकेतच नाही, म्हणून कोंकणी पानाला साध्या, दिसणाऱ्या लिंकने जोडा. याची मला खंत वाटते, पण म्हणून कोंकणी पान करायचं थांबवू नका. त्या भाषेत वेबवर मुळातच मजकूर कमी आहे.

पायरी सातवी: नकळत लपलेलं शोधा

जेवणाच्या मेनूचा फोटो काढून तोच साइटवर टाकणं ही आपल्याकडची सर्रास सवय. फोटोतली अक्षरं गूगल भरवशाने वाचेलच असं नाही आणि फोनवर ती माणसालाही वाचवत नाहीत. मेनू टाइप करा. फोटो हवा तर शेजारी ठेवा आणि त्याच्या ऑल्ट मजकुरात (फोटोला कोडमध्ये जोडलेलं वर्णन) फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा. तिथेही गावांची रास नको.

अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी, ठेवलेला मजकूर डोळ्यांना दिसत नाही, तरी तो पूर्ण वैध आहे. गूगलच्या धोरणात तसं स्पष्ट म्हटलं आहे. फक्त तो 'डिस्प्ले नन' या सीएसएसच्या सूचनेने झाकू नका, कारण मग स्क्रीन रीडरही तो वाचत नाही. त्यासाठी 'व्हिज्युअली हिडन' नावाची सीएसएसची तयार पद्धत मिळते. काकांच्या पानावरची ती पांढरी यादी स्क्रीन रीडरने वाचून दाखवली असती तर ऐकणाऱ्याला पत्त्यानंतर पंचवीस-तीस गावांची नावं ऐकत बसावं लागलं असतं.

पायरी आठवी: दुसऱ्याने तुमच्या पानात लपवलेलं

मघाशी 'कॅसिनो' आणि 'बेट' शोधायला सांगितलं ते यासाठी. जुनी वर्डप्रेस साइट, वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम), सोपा पासवर्ड, एवढं असलं की हॅक करणारे आत शिरून जुगार, कर्ज, औषधं यांच्या लिंक्स तुमच्या पानात लपवून जातात. तुम्हाला पान नेहमीसारखंच दिसतं. गूगलमध्ये 'साइट' हा शब्द रोमन लिपीत, पुढे इंग्रजी कोलन (:) आणि लगेच आपला पत्ता असं लिहून शोधा. न ओळखीची पानं किंवा परकी भाषा दिसली तर समजा कुणीतरी आत शिरलं आहे. सर्च कन्सोलमध्ये 'सिक्युरिटी इश्यूज' उघडा, सगळे पासवर्ड बदला, नको असलेले प्लगइन काढा, बाकीचे अपडेट करा आणि होस्टिंगवाल्यांकडून स्वच्छ बॅकअप मागा. पावसाळ्यात साइट बंद असल्यासारखी पडून असते आणि चतुर्थीनंतर उघडून बघतो तेव्हा हे सापडतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पायरी नववी: दंड झालाच असेल तर

सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' हे पान आहे. गूगलच्या माणसाने पाहून दंड केला असेल तर तो तिथे लिहिलेला असतो. लपवलेल्या मजकुरासाठी वेगळं शीर्षकच आहे. तिथे काही नसलं तरी गूगलच्या स्वयंचलित यंत्रणा असा मजकूर पकडतात आणि त्याची चिठ्ठी येत नाही, म्हणून पान तरीही साफ करा.

दंड लिहिलेला असेल तर आधी सगळ्या पानांवरचं सगळं काढा. एका पानाचं काढून अर्ज केला तर तो फेटाळला जातो. मग 'रिक्वेस्ट रिव्ह्यू' दाबून साध्या शब्दांत लिहा: कुठल्या पानांवर काय होतं, ते कसं आलं, कधी काढलं, पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं. दुसऱ्यावर ढकलण्यात वेळ घालवू नका, साइट तुमची आहे. उत्तर यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर तोच अर्ज पुन्हा पुन्हा पाठवू नका.

काकांच्या साइटला दंड झालेला नव्हता. यादी काढल्यावर रँकिंग एकदम उसळलं असंही काही झालं नाही, आणि तसं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नंतर एकदा काकांचा फोन आला. पुण्याचं एक कुटुंब कदंब बसने फोंड्याला उतरलं होतं आणि 'कसे याल'मध्ये लिहिल्याप्रमाणे स्थानकावरूनच गाडीसाठी फोन करत होतं.